राखून ठेवलेला डोळा

पुष्पाबाईला वस्तू राखून ठेवायची खोड होती, आणि ती तिची एकटीची नव्हती, घराण्याची होती. तिची आई जनकाबाई कपाशीच्या वावरातून फिरताना मधल्या फांद्यांवरचं टपोरं बोंड तेवढं हेरून ओच्यात टाकायची. त्याची सरकी काढायची, राखेत घोळायची, मडक्यात भरून मडक्याचं तोंड शेणानं लिंपून टाकायची. घरात मीठ-मिरचीची मारामार असली तरी त्या मडक्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. पुढं बीटी कपाशी आली. दरवर्षी नवं पाकीट आणायचं, घरचं बी राखून पेरलं तर पीक दगा देतं, हे सगळ्यांना कळून चुकलं आणि उतरंडीतली मडकी रिकामी राहिली. पण जित्याची खोड, ती जाते कुठं? सरकी राखायची सोय उरली नाही म्हणून पुष्पाबाई गुळाचा खडा राखायची, साडीचा धड काठ राखायची, दिवाळीचा वासाचा साबण पुढच्या दिवाळीपर्यंत राखायची. आणि त्या पावसाळ्यात तिनं स्वतःचा उजवा डोळा राखायला घेतला.

हसू नका. तिला स्वतःला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. आखाडापासून तिच्या उजव्या डोळ्यामागं दुखायला लागलं होतं. साधं दुखणं नव्हे. कानशिलातून दाभण घालून कुणीतरी डोळ्याच्या मुळाशी फिरवत बसावं, असं दुखायचं. डोळ्याला पाणी यायचं, पाण्यातून पुढचं झाड दोन-दोन दिसायचं. आणि हे दुखणं तिच्या ओळखीचं होतं. जनकाबाईचं असंच झालं होतं. आधी उजवा डोळा ठणकला, मग गेला, आणि त्याच्या मागोमाग डावाही गेला.

तेव्हा पुष्पा सातवीत होती, वर्गात पहिली. गुरुजी घरी येऊन सांगून गेले, पोरीला चिखलीला शिकायला पाठवा. पण आईचा हात धरायला कुणीतरी पाहिजे होतं. त्या दिवसापासून जनकाबाईचा उजवा हात पुष्पाच्या खांद्यावर आला तो मरेपर्यंत तिथंच राहिला. वावरात जाताना, नदीवर जाताना, लग्नाच्या पंगतीत बसतानासुद्धा. कारभारी नावाचा एक भला माणूस घरजावई होऊन राहायला तयार झाला, म्हणून लग्न तरी झालं. शेवटच्या वर्षांत म्हातारी तिच्या तोंडावरून बोटं फिरवून विचारायची, "पुष्पे, तू आता कशी दिसतं व?" पुष्पाबाईचा आईवर जीव होता. आणि खांद्यावरच्या त्या हाताचा तिला मनापासून राग होता. दोन्ही खरं होतं, आणि दुसरं तिनं कधी कुणाजवळ बोलून दाखवलं नाही.

आता डोळा ठणकायला लागल्यावर तिच्या मनात एकच विचार घोळायला लागला. आपला डोळा गेला तर हात कुणाच्या खांद्यावर जाणार? कारभारीचा दिवस बाहेर जायचा; घरात खांदा एकच होता, पुष्पांजलीचा.

पुष्पांजली तिची एकुलती एक लेक. बारावी सायन्सला चांगली पास झालेली, बुलडाण्याला नर्सिंगला नंबर लागलेली. दिवाळीआधी तिथं हजर व्हायचं होतं. पण बुलडाणा काय, जीपनं जाऊन संध्याकाळी परत येण्याचा रस्ता. आई आंधळी झाली असं कानावर पडताच पोरगी गाठोडं उचलून घरी आली असती, यात पुष्पाबाईला शंका नव्हती. पोटची पोर होती, तिचं पाणी तिला ठाऊक होतं. शिकायला गेलेली पोरगी परत येते. सासरी दिलेली तशी येऊ शकत नाही. म्हणून तिनं लोणारकडचं एक स्थळ धरलं. मुलाचं किराणा दुकान होतं, मुलगा वाईट नव्हता, पण सून शिकायला जाणार नाही, गल्ल्यावर बसेल, हे त्यांनी पहिल्या बैठकीतच सांगून टाकलं होतं. पितरं लागायच्या आधीच्या रविवारी सुपारी फोडायची ठरली.

पुष्पांजली आधी रडली, मग भांडली.

"आई, तूच तं म्हणत होती, मह्यासारखी राहू नको. आता काऊन असं करून राह्यली?"

"शिकून काय दिवे लावशीन?" पुष्पाबाई म्हणाली. ते वाक्य तिचं तिलाच ऐकवलं नाही, पण तिनं ते मागं घेतलं नाही. पोळ्याच्या सुमारास पुष्पांजलीनं भांडणं सोडलं. बोलणंही सोडलं. कामापुरतं हो-नाही, बाकी तोंडाला कुलूप. रागावली आहे, रागावू दे, असं पुष्पाबाईनं मनाशी म्हटलं.

कामाचं म्हणाल तर गावात त्या काळात भरवशाचं काम एकच होतं, कंपनीसाठी बियाणं तयार करणाऱ्या माणिकरावच्या सीड प्लॉटवरचं. गेल्या साली गुलाबी अळीनं गावची कपाशी बोंडातल्या बोंडात पोखरली, लोकांनी उभ्या पऱ्हाटीत जनावरं सोडली. पण बीटीच्या पाकिटात जे बी येतं ते आभाळातून पडत नाही. ते बायकांच्या नखांतून येतं. कपाशीची जी कळी उद्या सकाळी उमलणार, ती आज दुपारी नेमकी हेरायची. अंगठ्याच्या नखानं तिची पाकळी आणि परागाचा वेढा अलगद सोलून काढायचा, आतला सुईएवढा दांडा तेवढा शाबूत ठेवायचा. त्यावर लाल कागदाची पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलाचा पराग त्या दांड्यावर फिरवायचा आणि दोरा बांधायचा. नख जरा जास्त लागलं की बोंड गळून पडतं, जरा कमी लागलं की बी भेसळीचं होतं. हेच क्रॉसिंग. एका बोंडासाठी एवढा सोहळा, आणि अशी बोंडं वावरभर. कुणी कधी विचार करतो का, की शेतकऱ्याच्या हातातल्या पाकिटातल्या प्रत्येक दाण्याचं लग्न कुणीतरी मान वाकवून लावलेलं आहे?

पुष्पाबाईचा हात त्या कामात सगळ्यांत साफ. नव्या पोरींना माणिकराव सांगायचा, पुष्पाबाईच्या शेजारच्या तासात, शेजारच्या ओळीत उभ्या राहा आणि ती करते तसं करा. त्या हंगामात पुष्पांजलीही कामाला यायची, पण आईपासून लांब, रांगेच्या टोकाला उभी राहायची.

ती काय करत होती? उजवा डोळा राखत होती. वापरला की झिजणार, मग थोडक्यात वापरावा, असा तिचा सरळ हिशोब. तासात शिरली की पदराचा सोगा उजव्या डोळ्यावरून ओढून कानामागं खोचायचा आणि दिवसभर डाव्या डोळ्यानं काम रेटायचं. डावा डोळा कळीवर नीट यावा म्हणून मान उजवीकडे वळवायची, उजवा कान उजव्या खांद्याकडे झुकवायचा. त्याच खांद्याला पिशव्यांची झोळी. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तशीच वाकडी.

"अवं पुष्पे, डोया काऊन बांधून घेतला?" शेजारच्या तासातल्या आशाबाईनं विचारलं होतं.

"एका डोयानं नेम चांगला बसते," पुष्पाबाई म्हणाली. "बंदूकवाले नाही का एक डोया मिटत?"

आशाबाईला ते पटलं. थापच अशी बेमालूम होती की क्षणभर पुष्पाबाईलाही पटली.

घरी तिनं दुसरी तयारी चालवली होती. कुणी नसताना दोन्ही डोळे मिटून चुलीपासून रांजणापर्यंत जायची. पिठाचा डबा कुठं, मिठाचा कुठं, हे बोटांना पाठ करून द्यायची. एकदा मांजराच्या शेपटीवर पाय पडला आणि मांजरानं सगळं घर डोक्यावर घेतलं, तेव्हा पुष्पांजली दारात उभी होती. तिनं आईकडे नुसतं बघितलं आणि काही न विचारता पाण्याला निघून गेली.

एवढं जपूनही दुखणं काही ऐकेना. उलट डोळा जितका राखावा तितका जास्त ठणकायला लागला. सुपारीला दोन दिवस राहिले असताना पुष्पाबाईचा धीर सुटला. निदान किती दिवस उरलेत ते तरी कळू दे, म्हणून ब्लाउजपीस आणायचं निमित्त काढून ती चिखलीला गेली. प्लॉटवर त्या दिवशी पुष्पांजली एकटीच गेली.

चिखलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं बरंच बघितलं. अंधाऱ्या खोलीत बसवलं, उजेड मारला, थेंब टाकले, यंत्रात हनुवटी ठेवायला लावली. आईचं काय झालं होतं तेही नीट विचारून घेतलं. मग म्हणाला, "बाई, डोळा स्वच्छ आहे. आतलं प्रेशर बरोबर, नस बरोबर. आईला काचबिंदू झाला असणार, म्हणून तुम्ही दरवर्षी तपासून घ्या. पण आज तुमच्या डोळ्यात काहीच नाही. समोरच्या खोलीत मलिहा मॅडम बसतात, त्यांना मान दाखवा."

"मान?"

"हो. मान."

पुष्पाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ठणकतो डोळा आणि हा दाखवायला सांगतो मान! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! आईच्या वेळीही सगळे असंच काही नाही, काही नाही म्हणत होते. खरं सांगायचं नसलं की ही शिकलेली माणसं दुसऱ्याच्या दारात ढकलतात, असं पुटपुटत ती बाहेर आली. पण गावाकडे, उंद्रीला परतायची जीप भरायला अवकाश होता, आणि समोरच्या खोलीचं दार उघडं होतं.

खोलीत एक पलंग, एक आरसा आणि डोक्यावरून ओढणी घेतलेली एक तरुण मुलगी. मलिहा. चिखलीच्याच पिंजाऱ्याच्या घरातली. तिचे आजोबा बिलालभाई धनुकली घेऊन गावोगाव गाद्या पिंजत फिरायचे, उंद्रीलाही येऊन गेलेले. नात फिजिओथेरपी शिकून आली होती.

"बसा मावशी. कुठं दुखतं?"

"डोया," पुष्पाबाई फणकारली. "तुमच्या डॉक्टरले मान दिसली, मले डोयाच दुखते."

"बरं, डोळा. हाताला मुंग्या येतात? चक्कर?"

"नाही."

"काम काय करता?"

"क्रॉसिंग."

"ते कसं करतात? मला करून दाखवा ना. समजा ही पेन्सिल म्हणजे झाड."

पुष्पाबाईनं पेन्सिलकडे तुच्छतेनं बघितलं, पण कामाचं नाव निघालं की हात गप्प बसत नाहीत. ती उभी राहिली. मान वळली, कान खांद्याकडे गेला, आणि सवयीनं डाव्या हातानं पदर उचलून उजव्या डोळ्यावरून कानामागं खोचला गेला. तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो.

मलिहा हसली नाही. हळूच म्हणाली, "डोळा कायले झाकला, मावशी?"

इतके दिवस कुणी असं मऊपणानं विचारलं नव्हतं. पुष्पाबाईचा बांध फुटला. जनकाबाई, खांद्यावरचा हात, रविवारची सुपारी, सगळं ती त्या परक्या पोरीजवळ बोलून गेली. शेवटी पदरानं नाक पुसून म्हणाली, "म्हणून राखून ठेवला व पोरी. पोरगी लग्नात कशी दिसते, तेवढं पाह्यपुरता तरी राह्यला पाह्यजे."

मलिहानं पुष्पाबाईला पलंगावर बसवलं, मागं उभी राहिली आणि उजव्या खांद्यावर बोटं ठेवली. दाबली नाहीत, नुसती ठेवली. मान आणि खांदा यांच्यामधला जो जाड पट्टा असतो, त्यावरून ती बोटं सावकाश सरकायला लागली, थोडी पुढं, थोडी मागं. पुष्पाबाईला बिलालभाई आठवला. पिंजून भरलेल्या गादीवरून तो असाच डोळे मिटून तळवा फिरवायचा आणि मध्येच थांबून म्हणायचा, इथं गोळा आहे. गादी उसवली की तिथं हमखास गोळा निघायचा.

बोटं थांबली.

"इथं गाठ आहे," मलिहा म्हणाली. "आता दाबते. काय होतं ते मला सांगा."

तिनं तो पट्टा अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरला आणि दाबला.

"अव माय! डोया!" पुष्पाबाई किंचाळली आणि तिचा हात खांद्याकडे न जाता थेट उजव्या डोळ्यावर गेला. तेच दाभण! तीच जागा, कानशिलातून शिरून डोळ्याच्या मुळाशी. "पोरी, डोया फोडला तुनं!"

"मी तर डोळ्याला हातही लावला नाही, मावशी. आरशात बघा."

पुष्पाबाईनं आरशात बघितलं. बोटं खांद्यावर होती. डोळ्याजवळ कुणी नव्हतं. मलिहानं चिमटी सैल केली, डोळ्यातलं दाभण निघून गेलं. पुन्हा दाबली, दाभण आलं. सैल केली, गेलं. इकडं दिव्याचं बटण दाबावं आणि पलीकडच्या घरात उजेड पडावा, तसं.

पुष्पाबाईच्या अंगावर सरसरून काटा आला. भीतीचा नव्हे. आपल्याच शरीरात, एवढी वर्षं आपण ज्यात राहतोय त्या घरात, अशी एक वाट आहे आणि आपल्याला पत्ता नाही! दुखतं डोळ्यात आणि चोर दडून बसलाय खांद्यात! देवानं माणूस घडवताना आत काय काय दोऱ्या ओवून ठेवल्यात, कोण जाणे. कळीच्या आतला दांडा तिनं पहिल्यांदा बघितला होता तेव्हा ती अशीच गप्प झाली होती.

"असं काऊन होते व?"

"स्नायू सारखा आखडून धरला की त्यात अशी गाठ बसते. ती इथं बसते आणि बोंब तिकडं मारते. ही खांद्यावरची कानशिलात आणि डोळ्यामागं बोलते. मानेच्या पुढच्या दोरीत बसली तर डोळ्यातून पाणीसुद्धा काढते. आता मी दाबून धरणार आहे. सहन होईल एवढंच. तुम्ही श्वास सोडत राहा आणि मनात बघत राहा, दुखणं काय करतंय ते."

तिनं धरलं. डोळ्यात ठणका उठला, वाढला, आणि मग पुष्पाबाईला कळेना की हे काय चाललंय. बोटांचा दाब तसाच होता, पण खालची गाठ हलकेच सोडायला लागली होती. ऊन लागलेल्या गुळाच्या खड्यासारखी कडेकडेनं मऊ. डोळ्यामागचं दाभण बारीक झालं, सुईएवढं राहिलं, मग नुसती त्याची आठवण राहिली. मध्येच पट्ट्यातली एक दोरी बोटांखाली टुणकन उडाली. पुष्पाबाईनं ती उडताना जाणली. आपण न उडवता आपल्या अंगातलं काहीतरी स्वतःहून उडालं, आणि मागून मान अशी ढिली पडली की तिला वाटलं डोकं आता खाली गळून पडतं की काय.

"जिंदा आहे, मावशी," मलिहा म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. "उडाली म्हणजे सोडली."

मग तिनं मानेच्या पुढची दोरी दोन बोटांत हलकेच धरली, कवटीखालच्या खळग्यात बोटांची टोकं टेकवून डोकं त्यांवर तोलून घेतलं. प्रत्येक ठिकाणी तेच. आधी दुसरीकडेच कुठंतरी बोंब, मग हळूहळू शांतता. पुष्पाबाईच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते दुखण्याचं नव्हतं. तिच्या अंगाला एवढ्या लक्ष देऊन कुणी हात लावल्याला किती वर्षं झाली होती! आईचा हात खांद्यावर असायचा, पण तो आधार शोधणारा. हा हात तिला शोधत होता.

"उघडा डोळे. दोन्ही."

तिनं उघडले. खिडकीबाहेर कुंडीत जास्वंद होती. तिच्या फुलातला लांब दांडा, दांड्यावरचे पिवळे ठिपके, एकेक सुटा दिसत होता. झाड एकच होतं. पुष्पाबाईनं उजवी-डावीकडे मान फिरवली. थोडी करकर होती, पण मान फिरली.

"हे मंत्रासारखं झालं म्हणून पूर्ण बरं झालं असं समजू नका," मलिहानं बजावलं. "अजून काही वेळा यावं लागेल. घरी शेक द्या, मी दाखवते तसा मानेला ताण द्या, भिंतीला टेकून कापडाच्या चेंडूवर खांदा दाबा. झोळी रोज दुसऱ्या खांद्याला. तास बदलत राहा. आणि मावशी, डोळा राखू नका. डोळा बियाणं नाही. मान वाकवून काम करता म्हणून गाठ बसली, आणि डोळा राखायला गेलात म्हणून मान आणखी वाकडी झाली, दुखणं वाढलं. दोन्ही उघडे ठेवून वापरा."

पुष्पाबाई तिच्याकडे बघतच राहिली. निघताना तिनं त्या पोरीचे दोन्ही हात उचलून आपल्या कपाळाला लावले. मलिहा लाजून मागं सरकली. ब्लाउजपीस आणायचा राहिलाच.

उंद्रीच्या फाट्यावर जीपमधून उतरून ती घरी गेली नाही, थेट प्लॉटवर गेली. ऊन कलतं झालं होतं. हिरव्या पऱ्हाटीवर लाल कागदाच्या पिशव्या लागल्या होत्या, तासातासाला, वावरभर. इतके दिवस ती अर्ध्या डोळ्यानं हे बघत होती. आज तिला तो लाल रंग असा भरून दिसला की ती बांधावरच उभी राहिली. एवढं सगळं आपल्या हातांचं!

मग तिची नजर बायकांकडे गेली. आशाबाई उजवा डोळा पदरानं बांधून कळी सोलत होती. तिच्या पलीकडची कोकिळा, तिचाही उजवा डोळा बांधलेला. त्यापुढच्या नव्या पोरींनी ओढण्या, रुमाल, मिळेल ते उजव्या डोळ्यावर घेतलेलं. अख्खी रांग मान वाकडी करून एका डोळ्यानं नेम धरत होती. तिच्या शेजारचे तास तर कधीपासून असेच होते. पण पदराच्या आडोशानं तिला उजवीकडचं जग दिसतच नव्हतं, आणि डावीकडे मान वळत नव्हती. पुष्पाबाईला आधी हसू फुटलं. केवढी थाप, आणि केवढं पीक!

हसू ओठांवर होतं तेवढ्यात तिला रांगेच्या टोकाला पुष्पांजली दिसली. ओढणी उजव्या डोळ्यावरून घट्ट, मान वळलेली, कान खांद्याकडे. हुबेहूब पुष्पाबाई उभी असायची तशी.

"पाह्य पाह्य, तुह्याच हाताचं वळण हाये तिले," आशाबाई कौतुकानं म्हणाली. "पोर कामाले आली तवापासून तुह्यासारखीच डोया बांधून करते. नेम काय साफ बसते तिचा!"

पुष्पाबाई तासातून धावतच तिच्याजवळ पोचली आणि ओढणी ओढून काढली. आतला डोळा लाल होता, पाण्यानं भरलेला.

"दुखते?"

पुष्पांजलीनं तोंड फिरवलं.

"अवं बोल न! दुखते का?"

"दुखते."

"कोठी?"

"इथून," पोरीनं कानशिलावर बोट ठेवलं, "डोयाच्या मागं जाते."

पुष्पाबाईनं तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "कधीपासून?"

"पोळ्यापासून."

"अन् मले सांगतलं काऊन नाही?"

"काय सांगू? आजीले असंच झालतं न? तू डोये मिटून घरात चालून पाह्यतं, मले समजत नाही का? मले वाटलं, तुले बी झालं अन् मले बी होऊन राह्यलं." तिचा आवाज फुटला. "आंधळी पोरगी नर्स होऊन काय करन? म्हणून म्या भांडणं सोडलं."

पोळ्यापासून पोरीनं धरलेला अबोला म्हणजे राग नव्हता. तेही एक राखून ठेवलेलं दुखणंच होतं. जनकाबाईनं सरकी राखली होती, पुष्पाबाईनं डोळा राखला, आणि पोरीनं भीती राखून ठेवली होती, कुणाला दिसू नये म्हणून तोंड लिंपून. पुष्पाबाईला त्या क्षणी स्वतःचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नव्हता.

"बस खाली," ती म्हणाली.

पोरगी तासात उकिडवी बसली. पुष्पाबाई तिच्या मागं बसली. कळ्यांच्या चिकानं कायमचे काळे पडलेले हात तिनं पदराला पुसले. नुसती बोटं ठेवली, मलिहानं ठेवली होती तशी. कळी कोणती उद्या उमलणार हे ज्या बोटांना न बघता कळायचं, ती बोटं लेकीच्या खांद्यावरून सावकाश सरकली. आणि थांबली. खाली ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी होतं.

तिनं चिमटीत धरलं.

"आई! डोया!"

"हाव," पुष्पाबाई म्हणाली आणि तिला रडू आलं, हसूही आलं. "हाव व माय, डोया नाही तो. खांदा हाये. श्वास सोड."

रांगेतल्या बायका भोवती जमल्या. आशाबाई म्हणाली, काय चाललंय? पुष्पांजलीचा चेहरा आधी आवळला, मग हळूहळू सुटत गेला. दाबाखालची गाठ पूर्ण गेली नाही, पुष्पाबाईचे हात काही मलिहाचे नव्हते. पण ती मऊ झाली. दोघींनाही ते कळलं.

"गेलं," पुष्पांजली कुजबुजली. "आई, दुखणं गेलं. कसं गेलं?"

"चिखलीले एक पोरगी हाये, ते सांगन. उद्या तुले घेऊन जातो. अगोदर डॉक्टरले डोया दाखवू, मंग तिले मान." पुष्पाबाई बायकांकडे वळली. "अन् तुम्ही काय पाह्यता व? सोडा ते पदर! थाप होती मही. दोन डोये देल्ले देवानं, दोन्ही उघडा."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. कोकिळानं पहिला पदर सोडला. मग आशाबाईनं, शिव्या हासडत. सगळ्या रांगेनं डोळे उघडले आणि उन्हात मिचकावले.

"रविवारी कोणी येत नाही," पुष्पाबाई लेकीला म्हणाली. "तुह्या बापाले सकायच्या जीपनं लोणारले धाडू, माफी मागून येईन. तू बुलडाण्याची पिशवी भर."

पुष्पांजलीनं वळून आईकडे बघितलं. पुष्पाबाईनंही बघितलं, दोन्ही डोळ्यांनी. उजव्या भुवईवर लहानपणी पडल्याची खूण होती, ती अजून होती. नाक जनकाबाईचं होतं. म्हातारीला हे नाक कधी दिसलं नाही.

दोघी उठल्या. घराकडे निघताना आधारासाठी पुष्पाबाईचा उजवा हात लेकीच्या खांद्यावर पडला, आणि चार पावलं तो तिथंच राहिला. मग तिच्या ते लक्षात आलं आणि तिनं तो उचलून घेतला.